शेवटी वर येणाऱ्याचा शब्द

आमच्याकडं विहिरीला हीर म्हणतात. हीर खणणाऱ्या टोळ्यांत एक रीत आहे. तळाला सुरुंग भरून झाले की सगळी माणसं वर येतात. जो सगळ्यात शेवटी येतो, तो काठाला लागायच्या आत वरचा मुकादम त्याला ओरडून विचारतो, "कोण राहिलं का खाली?" आणि तो तितक्याच मोठ्यानं ओरडून सांगतो, "कोणी न्हाय. हीर मोकळी." दोघांनीही मोठ्यानंच बोलायचं, शंभर पावलांवरच्या माणसाला ऐकू जाईल असं. मग सुरुंग उडवायचा.

त्याच्यानंतर कुणी वाकून बघत नाही. वाकून बघणं म्हणजे त्याला तोंडावर खोटा म्हणणं. मी या धंद्यात तीस वर्षं काढली. दारूडे बघितले, कामचुकार बघितले, कुणाच्या बायकोवर डोळा ठेवणारे बघितले. पण हे एक वाक्य खोटं बोललेला माणूस बघितला नव्हता. तो मला माझ्या सख्ख्या बहिणीच्या पोटी मिळाला.

माझं डोकं लवकर तापतं हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा सुरुंग बरा, त्याला वात तरी असते. त्यामुळं हे सांगताना जीभ घसरली तर घसरली. लिहून तरी मोकळा होतो.

आमचं गाव बालाघाटाच्या कडेला, तेरखेड्याहून जीपनं अर्ध्या तासावर. गावाच्या वरच्या अंगाला एक दरी आहे. तिला नाव नाही, आम्ही दरीच म्हणतो. वरनं सरळ कडा, आठ परस खोल, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढी. खाली पाण्याचे दोन-तीन डोह, मग आणखी एक उतार, एक वळण, आणि पुढं ओढा दोन कोसांवर तलावाला जाऊन मिळतो. गुराख्याशिवाय तिकडं कुत्रं फिरकत नव्हतं.

मग कुणीतरी मोबाईलवर तिचा व्हिडिओ टाकला. झालं. पावसाळा लागला की दर रविवारी गाड्याच्या गाड्या. सोलापूर, लातूर, पुणं, कुठून कुठून पोरं यायची. पायात घसरणारे बूट, पाठीवर चिप्सची पाकिटं, पाच जणांत पाण्याची एक बाटली. शेवाळ म्हणजे काय हे माहीत नाही, वर डोंगरात पाऊस झाला की खाली लोंढा येतो हे माहीत नाही. एक बहाद्दर तर वाढदिवसाचा केक घेऊन उतरला. केक खाली पोचला, हा मधेच अडकला. त्याला काढलं तेव्हा तो पहिल्यांदा काय म्हणाला असेल? "काका, केक राहिला." मी म्हटलं, तू राहिला नाहीस त्यातच समाधान मान. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांना काढायचं काम आमच्या गळ्यात कसं पडलं, तर पहिल्या वेळी पोलीस पाटील माझ्याकडं आले. म्हणाले, "शिकलेली टीम लांबनं यायची, तवर पोरं मरतील. तुमी रोज आठ-दहा परस खाली जाताय. काढा या येड्यांना." गेलो. काढलं. पहारी ठोकल्या, लिंबाच्या झाडाला दोर गुंडाळला, पाय मोडलेल्याला बाजेवर बांधून ओढून घेतलं. पडलेला माणूस बाजेवरनं काढायची आम्हाला सवयच होती. मग दुसरी वेळ आली, तिसरी आली. शेवटी तहसीलातनं आम्हा पाच जणांना पिवळी हेल्मेटं दिली, कमरेचे पट्टे दिले, दोन दिवसाचं शिक्षण दिलं.

शिकवायला आलेले साहेब सज्जन होते. त्यांनी एक गोष्ट दहा वेळा सांगितली. वर आलेल्या प्रत्येकाचं नाव लिहा, आणि खाली किती उतरले होते ते तिसऱ्याच माणसाकडनं ताडून घ्या. घाबरलेल्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका. आम्ही माना डोलावल्या. वही पण दिली होती त्यांनी. ती आमच्यातल्या एकाच्या घरी पोराच्या अभ्यासाला गेली. मनात म्हटलं, साहेब, आमच्यात शेवटी वर येणाऱ्याचा शब्द चालतो, तुमची वही तुमच्यापाशी ठेवा. ही चूक माझी. ती दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

आता भाच्याचं सांगतो.

बहीण लोहाऱ्याला दिलेली. मेहुणे लवकर गेले. भाचा तेव्हा सात वर्षांचा. दर उन्हाळ्यात तो आमच्याकडं यायचा आणि माझ्या मागं मागं विहिरीवर. मला पोरगा नाही, दोन पोरीच. त्यामुळं हा माझ्या खांद्यावरच वाढला म्हणा ना. दोराची गाठ मी शिकवली. खडक वाजवून पोकळ का भरीव ते मी शिकवलं. बारावीच्या सुट्टीत तो पहिल्यांदा टोळीबरोबर तळाला उतरला आणि मी मुद्दाम त्याला सगळ्यात शेवटी वर घेतलं. काठाला येताना विचारलं, "कोण राहिलं का खाली?" त्याचा आवाज फाटला, तरी बोलला, "कोणी न्हाय. हीर मोकळी." त्या दिवशी मी टोळीला जिलेबी खाऊ घातली.

पुढं तो शिकला, पुण्यात नोकरीला लागला. बहिणीनं मुरुमच्या एका चांगल्या घरातली सोयरीक आणली. पोरगी शिकलेली, माणसं भली. सुपारी फुटली, दिवाळीनंतरचं लग्न ठरलं. बहीण फोनवर रडली. म्हणाली, "दादा, आता मी मोकळी झाले." मलाही बरं वाटलं. लग्नात नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहतो. मी नवा फेटा घ्यायचा हेसुद्धा ठरवून टाकलं होतं.

पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. रविवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला एका मेंढरं राखणाऱ्याचा फोन आला, दरीतनं हाका येत्यात म्हणून. मी शिव्या घालतच टोळी गोळा केली. दोर, पहारी, बाज, सगळं टेम्पोत टाकलं. कड्यावर पोचलो, पालथा पडून खाली डोकावलो, तर डोहाच्या काठावर चौघं बसलेले आणि त्यातला एक वर बघून हात हलवतोय. निळा शर्ट. पाडव्याला मीच घेऊन दिलेला.

"मामा," खालनं आवाज आला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्याला मी या डोंगराचा दगडन् दगड दाखवला तो असल्या पावसाळ्यात, असली शहरी पोरं घेऊन, कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीवर खाली उतरला होता. दोरी तुटून खाली पडलेली. एकाचा घोटा सुजून मडक्याएवढा. आणि मामाच्या गावात येऊन मामाच्या घरी पाय ठेवला नव्हता. मी वरनंच त्याची आई-माय काढली, मग आठवलं त्याची आई म्हणजे माझीच बहीण, आणि गप्प बसलो.

घोटा मोडलेल्याला आधी घेतलं. मग दुसरा, मग तिसरा. भाचा खाली राहून त्यांचे पट्टे बांधून देत होता, गाठी बरोबर मारत होता. खोटं कशाला बोलू, मला आतून अभिमान वाटत होता. म्हटलं, चुकला, पण शेवटी आपलं रक्त आहे, दुसऱ्यांना आधी पाठवतोय.

दीड वाजता तो शेवटचा निघाला. काठापासून एक परस खाली असताना मी सवयीनं ओरडलो, "कोण राहिलं का खाली?"

त्यानं वर बघितलं. माझ्या डोळ्यात बघितलं. आणि ओरडला, "कोणी न्हाय, मामा. हीर मोकळी."

टोळीतले चौघं हसले. दरीतनं वर येतंय पोरगं आणि हीर म्हणतंय. मला पण हसू आलं, राग निम्मा तिथंच गेला. आम्ही पहारी उपटल्या, दोर गुंडाळले, बाज टेम्पोवर टाकली आणि फाट्यावर चहाला गेलो.

फाट्यावर घोटा मोडलेल्याला दवाखान्याला न्यायला एक जीपवाला आला. तेरखेड्याच्या लाईनीवर रोज चालवणारा, ओळखीचा. त्यानं पोरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, "सकाळी मीच सोडलं यांना. पाच जण होते. ती पोरगी कुठाय?"

मी म्हटलं, "कुठली पोरगी?"

"पिवळ्या ओढणीची. ह्यांच्याच बरोबर होती की."

मी भाच्याकडं बघितलं. चहाचा कप त्याच्या तोंडाशी होता आणि तो तसाच राहिला. बाकीचे तिघं एकमेकांकडं बघायला लागले. त्यातल्या एकानं सांगून टाकलं. ती ओढ्यानं पुढं चालत तलावाकडं गेली, एव्हाना गाडीत बसली असेल, असं यानंच त्यांना सांगितलं होतं. मामासमोर तिचं नाव काढू नका असंही बजावलं होतं. त्यांनी ते खरं धरलं होतं.

मी भाच्याला दंडाला धरून टपरीच्या मागं नेलं. तो बोलायला लागला आणि मला एक एक शब्द गरम सळईसारखा लागत गेला. ती त्याच्या ऑफिसातली. दोन वर्षं दोघांचं होतं. मुरुमचं लग्न ठरलं हे त्यानं तिला सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी, दरीच्या तळाला, डोहाच्या काठावर बसून सांगितलं. ती उठली आणि एकटीच पुढं चालू पडली. वळणापलीकडं गेली. थोड्या वेळानं दगड घसरल्याचा आवाज आला.

"मग?"

"हाक मारली, मामा."

"किती येळा?"

तो खाली बघत होता. "एकदा."

"आन् मग?"

"मला वाटलं, गेली असंल पुढं. तलावापाशी रस्ता हाय. तुमाला कळलं असतं तर आईला कळलं असतं. मुरुमला कळलं असतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर हात उचलला. एकच मारली, पण तीस वर्षं पहार मारलेल्या हाताची. तो बसला खाली. लोक जमा झाले, जीपवाला मधे पडला. मला मारून समाधान झालं नाही. विश्वास पानिपतात मेला म्हणतात, माझा त्या टपरीच्या मागं मेला. आम्ही दोर गुंडाळून, हसत, तिच्या डोक्यावरनं निघून आलो होतो. कुणी वाकून बघितलं नव्हतं. कारण ते वाक्य त्यानं म्हटलं होतं, आणि ते वाक्य मीच त्याला शिकवलं होतं.

परत कड्यावर पोचेस्तोवर साडेतीन झाले. वरच्या डोंगरावर आभाळ काळंकुट्ट झालेलं. आमच्याकडं ऊन होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. वर पडलेलं पाणी तासाभरात दरीत उतरतं. या वेळी आम्ही कड्याकडेनं पुढं सरकून वळणाच्या बरोबर वर पहारी ठोकल्या. भाचा कुणाच्या तरी मोटारसायकलवर आमच्या मागं आला होता. म्हणाला, "मामा, मी उतरतो. मला वाट माहीत हाय."

"तू दोराला हात लावायचा न्हाय," मी म्हटलं.

टोळीतलं कुणी त्याच्याकडं बघेना. मी पट्टा बांधला आणि स्वतः उतरलो. बावन्नाव्या वर्षी कड्यावरनं उतरायला गुडघे कुरकुर करतात, त्या दिवशी त्यांचंही ऐकलं नाही.

ती वळणाच्या लगेच पलीकडं होती. जिथं ते चौघं बसले होते तिथनं पन्नास पावलं नसतील. उतारावरनं घसरून दोन मोठ्या धोंड्यांच्या मधे पडलेली. मांडी मोडलेली दिसत होती, आणि एक हात छातीशी धरलेला. बरगड्यांना मार होता, श्वास घेतला की तोंड वाकडं व्हायचं. ओरडायची ताकदच नव्हती तिच्यात. ओठ पांढरे. पण शुद्धीवर होती, डोळे टक्क उघडे.

मी शेजारी बसलो. पाणी पाजलं. म्हटलं, "घाबरू नको, पोरी. आता वर न्यायचं तुला." तिच्या पायाखालची वाळू ओली झालेली मला दिसली. आधी खाली वाळू कोरडी होती, वर घेतलेल्या चौघांच्या बुटांना कोरडीच लागलेली मी बघितली होती. म्हणजे पाणी निघालं होतं. वर ओरडून बाज सोडायला सांगितलं.

बाज खाली येईस्तोवर तिनं माझं मनगट धरलं. हळू, तुटक आवाजात विचारलं, "त्यानं सांगितलं का तुम्हाला? मी इथं आहे म्हणून?"

आता हे मला खरं लिहायचं आहे, म्हणून थांबून लिहितो. तळाला पडलेल्या माणसाचं मन खचू द्यायचं नाही, हे आम्ही धंद्यात शिकतो. दगडाखाली सापडलेल्याला आम्ही सांगतो, काही न्हाय झालं, थोडं खरचटलंय. ते मला माहीत होतं. तिला जर म्हटलं असतं, नाही पोरी, तो तुला टाकून वर आला, तर तिनं बाजेवरच धीर सोडला असता, असं मी नंतर स्वतःला कितीदा सांगितलं. पण त्या क्षणी एवढा विचार कुठला? त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं बहीण आली. तिचं फोनवरचं रडणं आलं. रक्त आधी बोललं.

"व्हय," मी म्हटलं. "त्यानंच सांगितलं. त्यानंच पळत येऊन आमाला आणलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग मनगट सोडलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, चला, जिवाला निवांतपणा मिळाला.

बाजेवर बांधताना ती एकदाही कण्हली नाही. पाणी माझ्या पोटरीला लागलं तेव्हा बाज निम्म्यावर होती, आणि मला ओढून घेतलं तेव्हा ज्या धोंड्यांमधे ती पडली होती ते धोंडे दिसत नव्हते. अर्धा तास उशीर झाला असता तर काय, हे सांगायला नको. जीपवाल्यानं चहा पिऊन मुकाट्यानं घोटावाल्याला नेलं असतं तर काय, हेही सांगायला नको.

तिला धाराशिवच्या दवाखान्यात पोचवलं. दुसऱ्या दिवशी बहीण लोहाऱ्याहून पहिल्या एसटीनं आली. आल्या आल्या माझे पाय धरले. "दादा, पोरगी वाचली ना? देवानं वाचवलं ना? मग आता कशाला तोंड उघडायचं? सोयरीक मोडंल. मी विधवा बाई, कुणाच्या दारात जाऊ?" बहिणीनं पाय धरलेला भाऊ काय करतो ते ज्याला बहीण आहे त्यालाच कळेल. माझ्या टोळीतले चौघं माझ्यासाठी गप्प बसले. जीपवाल्याला मीच सांगितलं, झालं गेलं विसर. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला पुढं त्याच्या जीपमधे बसवेना. मी अजून तेरखेड्याला दुसऱ्या गाडीनं जातो.

उलट गावच्या ग्रुपवर फिरलं, भाच्यानं प्रसंगावधान दाखवून मामाला बोलावलं, मैत्रिणीचा जीव वाचवला. लोकांनी हात जोडलेले, फुलं पाठवलेली. भाच्यानं त्याच्यावर हूं की चूं केलं नाही. मला वाटलं होतं, निदान तेवढं तरी तो बोलेल. मला एकट्याला फोन करून म्हणेल, मामा, चुकलो. तेही नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि नंतर ती जीभ जणू गिळूनच टाकली. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

तरी लग्नात पाठीशी उभा राहिलो. फेटा जुनाच बांधला. नवरी मुरुमची, गोड पोरगी, अंतरपाटापलीकडं मान खाली घालून उभी. तिच्या बापानं मला मिठी मारली, म्हणाला, तुमच्या हाताखाली वाढलेला जावई मिळाला, आम्ही निर्धास्त आहोत. तिलाही आम्ही काही सांगितलं नाही. अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या, लोकांना वाटलं मामाला भरून आलं.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात एक दिवस दुपारी दारात गाडी थांबली. दवाखान्यातनं घरी गेल्यावर ती पोरगी पहिल्यांदाच इकडं आली होती, वडिलांबरोबर. हातात काठी, पाय अजून ओढत होती. तिच्या वडिलांनी आम्हा पाचही जणांना टॉवेल-टोपी दिली, माझ्या पायाला हात लावायला वाकले. वयानं माझ्यापेक्षा मोठा माणूस. मी मागं सरकलो. म्हणाले, "तुम्ही नसता तर माझी लेक नसती. आणि तुमच्या भाच्याचेही उपकार आहेत." मी म्हटलं, चहा घ्या.

ते आत टोळीबरोबर बसले. ती बाहेर ओसरीवर बसली, आतल्या पायऱ्या चढायला नकोत म्हणून. मी तिच्यासाठी तिळगूळ घेऊन गेलो. तिनं घेतला, हातातच धरला.

"त्याचं लग्न झालं ना?" तिनं विचारलं.

"झालं."

"तुम्ही त्याचे मामा आहात, हे मला दवाखान्यात कळलं," ती म्हणाली. "खाली होते तेव्हा माहीत नव्हतं."

मला तिथनं उठावंसं वाटलं. मग तिनं सांगितलं, अगदी शांतपणे, कुणाची तक्रार करत नसल्यासारखं. दगडांमधे पडल्यावर तिला ओरडता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. एकेकाला वर घेतलेलं ऐकलं. माझ्या शिव्या ऐकल्या. मी मोठ्यानं ओरडून विचारलेलं ऐकलं. तो मोठ्यानं ओरडून 'कोणी नाही' म्हणाला, तेही ऐकलं. मग आमचं हसणं. मग दोर वर ओढल्याचा आवाज. मग काहीच नाही.

तीस वर्षं मी ओरडून विचारत आलो आणि ओरडून सांगितलेलं ऐकत आलो. शंभर पावलांवर ऐकू जावं म्हणूनच ते ओरडायचं असतं. आणि ती पन्नास पावलांवर होती, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"मग तुम्ही उतरलात," ती म्हणाली. "मला सगळं माहीत असून मी तुम्हाला मुद्दाम विचारलं. त्यानं मामा म्हटलेलं ऐकलं होतं, पण गावाकडं मामा कुणालाही म्हणतात. म्हटलं, हा माणूस ना ओळखीचा ना पाळखीचा. हा तरी खरं सांगेल."

आतून तिच्या वडिलांचं हसणं ऐकू येत होतं.

"मग पोरी," मी म्हटलं, "तवाच का बोलली न्हाईस? म्हणायचं हुतंस, तुमी खोटं बोलताय म्हणून."

तिनं तिळगूळ ओसरीच्या फरशीवर ठेवला.

"कसं म्हणणार?" ती म्हणाली. "माझा दोर तुमच्या हातात होता."